अमेरिकेतील कॅथलिक महाविद्यालयाचे परदेशी विद्यार्थी कार्यालय: परभणीतील एका पालकाचा अभिप्राय

आमची मुलगी ऑगस्ट २०२४ पासून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील एका कॅथलिक महाविद्यालयात डेटा सायन्सचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. प्रवेश घेताना आम्ही शुल्क, बँकेचे कर्ज आणि पुढील नोकरी एवढेच पाहिले होते. २०२५ मध्ये तेथील केंद्र सरकारने परदेशी विद्यार्थ्यांविषयीचे धोरण एकामागून एक बदलले, तेव्हा मात्र प्रवेशाच्या वेळी ज्याची कोणी चौकशीही करत नाही त्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाशीच आमचा सर्वाधिक संबंध आला. हा अभिप्राय त्या कार्यालयाच्या सेवेपुरताच आहे.

एप्रिलमध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या मुक्कामाची नोंद ठेवणाऱ्या ‘सेव्हिस’ या सरकारी संगणक प्रणालीतील हजारो विद्यार्थ्यांच्या नोंदी अचानक रद्द झाल्या आणि अनेक महाविद्यालयांना ते स्वतः तपासल्यावरच कळले. आमच्या मुलीच्या कार्यालयाने रोज सर्वांच्या नोंदी पाहण्यास सुरुवात केली आणि प्रत्येकाला त्याची नोंद सुरळीत असल्याचे स्वतंत्रपणे कळवले. खटले उभे राहिल्यानंतर २५ एप्रिल रोजी सरकारने नोंदी पूर्ववत करण्याचे न्यायालयात सांगितले, तरी ही तपासणी थांबली नाही.

याच काळात महाविद्यालयाच्या अध्यक्षांचेही पत्र आले. परक्याला आसरा देण्याच्या येशूच्या शिकवणीचा त्यात उल्लेख होता, भाषा आपुलकीची होती. पण मुलांनी नेमके काय करावे, याविषयी त्यात अक्षरही नव्हते. ते काम कार्यालयाच्या कोरड्या पत्रांनी केले, आणि माझ्या मते कॅथलिक संस्थेचा सेवाभाव त्या कोरड्या पत्रांतच अधिक दिसला. सेव्हिसमधील माहिती सरकारला देणे कायद्याने बंधनकारक आहे, ती आम्ही रोखू शकत नाही, त्यापलीकडील माहिती मात्र कायदेशीर आदेशाशिवाय देणार नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. खोटा धीर न देणारे असे उत्तर आपल्याकडील सल्लागार दुकानांतून क्वचितच मिळते.

मे महिन्याच्या अखेरीस नव्या व्हिसा मुलाखतींच्या वेळा देणे थांबले आणि १८ जूनला ते पुन्हा सुरू करताना अर्जदारांनी समाजमाध्यमांवरील आपली खाती सर्वांना पाहता येतील अशी ठेवावीत, अशी अट आली. मुलीच्या व्हिसाची मुदत शिल्लक होती, तरीही अत्यावश्यक नसेल तर देशाबाहेर जाऊ नये, असा सल्ला कार्यालयाने दिला. ज्यांनी त्यामुळे सुट्टीतले घरी येणे रद्द केले, त्यांना वसतिगृहातील खोली सत्राच्याच दराने वापरू दिली. पालकांसाठी ऑनलाइन बैठक घेतली तीही तेथील सकाळी साडेनऊला, म्हणजे आपल्याकडे सायंकाळी सातला, आणि अधिकारी बाई इतके सावकाश बोलल्या की आमच्यासारख्यांनाही इंग्रजी अडले नाही.

ऑगस्टच्या अखेरीस विद्यार्थ्यांचा मुक्काम जास्तीत जास्त ४ वर्षांच्या ठरावीक मुदतीत बांधण्याचा प्रस्ताव आला. हा केवळ प्रस्ताव आहे, आज काहीही करू नका, एवढे दोन ओळींत कळवल्याने आमची पुष्कळ धावपळ वाचली.

कार्यालय कमी पडले ते सप्टेंबरमध्ये. शिक्षणानंतर तेथे नोकरी करण्यासाठी लागणाऱ्या एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जावर १ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ८८ लाख रुपये, आकारण्याची घोषणा १९ सप्टेंबरला, शुक्रवारी झाली. शनिवार-रविवार पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत अफवांचा नुसता कल्लोळ होता आणि कार्यालयाचे पहिले पत्र सोमवारी आले. कर्जासाठी शेत तारण ठेवलेल्या घराला ते दोन दिवस फार जड जातात. सुट्टीच्या दिवशी एखादी ओळ पाठवणे अशक्य नव्हते. अमेरिकेतच विद्यार्थी व्हिसावरून एच-१बीवर जाणाऱ्यांना हे शुल्क लागू नाही, असा सरकारी खुलासा २० ऑक्टोबरला आला, तो मात्र त्यांनी लगेच समजावून सांगितला.

धर्माविषयी अनेक जण विचारतात. पदव्युत्तर वर्गाला धर्मशास्त्राचा विषय नाही. पदवीला जाणाऱ्यांना बहुतेक कॅथलिक महाविद्यालयांत तत्त्वज्ञान वा धर्मशास्त्राचे काही तास घ्यावे लागतात. चर्चमध्ये येण्याचा आग्रह मुलीला कोणी केला नाही.

पाचपैकी चार तारे. प्रवेश निश्चित करण्यापूर्वी कोणत्याही महाविद्यालयाला दोन प्रश्न ईमेलने विचारावेत: एप्रिल २०२५ मध्ये तुम्ही विद्यार्थ्यांच्या नोंदी किती वेळा तपासल्या, आणि सुट्टीच्या दिवशी तातडीच्या वेळी फोन कोण उचलतो.