दहा महिने, 44 किलो आणि दोन वाकळा

अक्षय तृतीयेला स्पीकरची जोडी घरी आली, म्हणजे आता दहा महिने झाले. फ्लोअरस्टँडिंग, म्हणजे जमिनीवर उभे राहणारे; थ्री-वे, म्हणजे वरचे, मधले आणि खालचे सूर वेगवेगळ्या तोंडांतून काढणारे. एकेक स्पीकर 22 किलोचा. वर रेशमी डोमचा एक इंची ट्वीटर, मिडरेंज वेगळा, खाली साडेसहा इंची दोन वूफर. एवढ्या पैशांत जुनी का होईना पण चारचाकी आली असती, हे घरात अजून ऐकून घेतो. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण दुकानदाराबद्दलही थोडं बोलायचं आहे.

डेमो बंगळूरला ऐकला. मोठा हॉल, खाली गालिचा, भिंतींना जाड पडदे. आमचं घर बेळगावच्या वडगावात. खोली 12 बाय 10, गुळगुळीत फरशी, गिलाव्याच्या भिंती, वर स्लॅब. माप दुकानदाराला सांगितलं होतं. "मस्त वाजतील सर," म्हणाला. पहिल्या रात्री तबला लावला, तर डग्ग्याची घुमक एकदा उठली की खाली बसेचना. स्वयंपाकघरातून हिने विचारलं, "पिंपात बसून कोण वाजवतंय?"

दोष स्पीकरचा नव्हता. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. 12 फूट म्हणजे 3.66 मीटर, तेवढ्या लांबीत 47 हर्ट्झच्या (सेकंदाला 47 कंपनांच्या) आसपासचा सूर दोन भिंतींत अडकून फुगतो, 10 फुटांच्या बाजूला 56 च्या आसपासचा. त्यांच्या दुपटीला पुन्हा तेच, आणि डग्गा नेमका तिथेच घुटमळतो. छोटे स्पीकर फार खाली उतरतच नाहीत, म्हणून लहान खोलीत ते सभ्य वाटतात. बीबीसीने 1970 च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीत बसावा म्हणून केलेला एलएस3/5ए हा पिटुकला स्पीकर लोक अजून शोधत फिरतात, त्याचं कारण आता कळतंय.

मग खटपट सुरू झाली. स्पीकर भिंतीपासून आठ इंचांवर होते, ते अडीच फूट पुढे ओढले. निम्मा त्रास तिथेच गेला. फक्त कपाटाचं एक दार आता अर्धंच उघडतं. माझी खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली होती, म्हणजे बास (खालचे सूर) जिथे सगळ्यात जास्त फुगतो तिथेच मी बसलो होतो. तीही पुढे घेतली. आईच्या दोन वाकळा बाजूच्या भिंतींवर टांगल्या. टाळी वाजवली की जो टणत्कार यायचा तो मेला. पण 47 हर्ट्झला वाकळ काय करणार? त्या लाटेची लांबी सात मीटरच्या वर जाते. डग्गा अजून थोडा घुमतो. सवय झाली.

दुसरा खर्च अॅम्प्लिफायरचा. कागदावर अवरोध 8 ओहम लिहिलेला असला तरी काही सुरांना हे 3 च्या जवळ उतरतात (अवरोध कमी तितका अॅम्पवर ताण जास्त), आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक ताकदीत किती मोठा आवाज निघतो ते, 86 डेसिबल. तीन डेसिबल वाढवायचे तर वॉट दुप्पट लागतात, सहा वाढवायचे तर चौपट. माझा जुना 40 वॉटचा अॅम्प अर्ध्या तासात तापून बंद पडायचा. दुकानदार हे आधी बोलला नाही. नंतर फोन केला तेव्हा मात्र लगेच नवा अॅम्प सुचवला.

एवढं सगळं होऊन ठेवले का, तर तानपुऱ्यासाठी. कुमार गंधर्व 1924 साली जन्मले ते सुळेभावीत, आमच्या अगदी जवळ. तानपुरे लावण्यात ते किती काटेकोर होते हे ऐकून माहीत होतं. आता डोळे मिटले की दोन तानपुरे दोन जागी बसलेले असतात. डावीकडच्याची जवारी (घोडीवर तार घासून येणारा झणकार) जरा उघडी, उजवीकडच्याची गोल. खर्जाची तार छेडल्यावर तिच्यातून वरचे सूर एकेक करून सुटत जातात, आणि पुढची तार वाजेपर्यंत आधीचा सूर पुरता विझलेला नसतो. पेटीच्या भात्याची फुसफुस येते. धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर श्वास कुठे घेतात ते मी वर्षानुवर्षं शोधत होतो. आता कधीकधी सापडतो. जुन्या मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येणाऱ्या, ध्वनिमुद्रणात गळा बरोबर मधोमध, एका बिंदूत उभा राहतो. तो तसा राहिला नाही तर समजायचं की झाडताना कुणीतरी स्पीकर हलवलाय.

उलट बाजूही तेवढीच. 78 च्या जुन्या ग्रामोफोन तबकड्यांवरून उतरवलेली नाट्यपदं आता खरखरीसकट अंगावर येतात. हल्लीची सिनेमाची गाणी तर ऐकवत नाहीत. सगळं एकाच उंचीवर दाबून भरलेलं, दहा मिनिटांत कान दुखतात. रात्री आवाज बारीक ठेवला की बास आणि वरचे सूर पातळ होतात. तो आपल्या कानाचा धर्म, त्याला पैसे कितीही घाला. आणि खरी मजा एकाच खुर्चीला. शेजारचे काका कौतुकाने ऐकायला आले, कडेला बसले आणि म्हणाले, "मला डावीकडचाच ऐकू येऊलालाय की!"

पावसाळ्यात जाळीच्या कापडावर पांढरी बुरशी आली. ऑगस्टमध्ये डावा स्पीकर चरचरायला लागला, पोटात गोळा आला. पाहिलं तर वायरीचं उघडं तांबं हिरवं पडलेलं. टोक कापून पुन्हा सोललं, बनाना प्लग लावले, चरचर गेली. खर्च शंभराच्या घरात.

दिवसभर गल्लीत मागांची खटखट असते, त्यात जवारी कसली ऐकता. लाईट गेली की माग थांबतात, पण मग अॅम्पही थांबतो. एकदा जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर चालवून पाहिला, तर ट्रान्सफॉर्मरच असा गुरगुरायला लागला की मागच बरे म्हणायची पाळी आली.

आज पुन्हा घ्यायचे झाले तर याच खोलीसाठी स्टँडवरचे छोटे घेईन आणि उरलेल्या पैशांत अॅम्प. हे मात्र विकणार नाही. बेळगावात कुणाला घ्यायच्या आधी घरच्या खोलीत कसे वाजतात ते ऐकायचं असेल तर रात्री नऊनंतर या, माग बंद असतात. मधली खुर्ची तुम्हाला, मी कडेला बसतो.