एकच जीपीएस, दोन प्रोग्राम: कॉमझीरोकॉम की जीपीएसडी?

दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या हद्दी मोजायला निघालो की लॅपटॉपवर क्यूजीआयएस हा नकाशांचा प्रोग्राम आणि फेरीची नोंद ठेवणारा लॉगर, दोन्ही एकदम चालू लागतात. यूएसबी जीपीएस मात्र एकच. विंडोजवर एका प्रोग्रामने जीपीएसचा कॉम पोर्ट, म्हणजे माहिती येण्याची वाट, धरला की दुसऱ्याला तो मिळत नाही, हे ठाऊक असेलच.

दोन हंगाम मी विंडोजवरच्या दोन प्रोग्रामांवर काढले: आभासी कॉम पोर्ट तयार करणारा कॉमझीरोकॉम आणि एका पोर्टवरची माहिती इतरांना वाटणारा हबफोरकॉम. आभासी पोर्टांच्या जोड्या एकदा जुळल्या की डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या एनएमईएच्या (जीपीएसच्या माहितीचा ठरावीक साचा) ओळी जशाच्या तशा दोन्हीकडे जातात. फक्त कॉम पोर्ट ओळखणारा जुना प्रोग्राम वापरायचा असेल तर हीच सोय बरी.

माझं अडलं ते बागेच्या कच्च्या रस्त्यावर. गाडी आदळली की यूएसबीची पिन क्षणभर सुटायची आणि वाटणी तिथेच थांबायची. घाईत पिन शेजारच्या खाचेत घातली की कॉम ५ चा कॉम ७ झालेला. मग डिव्हाइस मॅनेजर उघडा, आकडा बघा, कमांड बदला, लॉगर पुन्हा सुरू करा. तोवर शेतकरी बांधावर उन्हात ताटकळत उभा. निफाडजवळ एकदा हे माझ्या लक्षातच आलं नाही. घरी येऊन नकाशा उघडला, तर आमची गाडी पाट ओलांडून थेट शेतातून गेल्यासारखी सरळ रेघ! अर्धी फेरी पुन्हा करावी लागली.

त्यानंतर जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून जीपीएसडी हा मागे चालत राहणारा प्रोग्राम लावला. रिसीव्हर तो स्वतःच्या ताब्यात ठेवतो आणि २९४७ क्रमांकाच्या टीसीपी पोर्टवर, म्हणजे नेटवर्कच्या वाटेने, मागेल त्याला माहिती देतो. क्यूजीआयएसमध्ये जीपीएसडीचा पर्याय आधीपासून आहेच. पिन सुटली तर नोंदीत थोडी फट पडते, पण परत लावली की माझ्याकडे तरी सगळं आपोआप पुढे सुरू होतं. कुठल्याच प्रोग्रामला हात लावावा लागत नाही. एक मात्र आहे, कुणी मागेपर्यंत तो रिसीव्हर उघडतच नाही, म्हणून सुरुवातीला जरा थांबावं लागतं. कमांडमध्ये एन (-n) हा पर्याय देऊन चालू केला की तेही टळतं.

तुमचं काम टेबलावर बसून, केबल न हलवता होत असेल तर विंडोजवरची वाटणी पुरेल असं मला वाटतं. गाडीत बसून काम असेल तर मी जीपीएसडीच घ्या म्हणेन. विंडोज सोडताच येत नसेल तर निदान यूएसबीची एकच खाच ठरवून तिच्यावर रंगीत पट्टी चिकटवा.