चिपळूणचा रविवारचा लॉ सीईटी क्लास: शिकवणं झकास, पण फी भरायच्या आधी हे वाचा

मी गुहागरची, वय ४३, पतपेढीत नोकरी. तीन वर्षांच्या एलएलबीला वयाची अट नाही हे कळल्यापासून डोक्यात किडा वळवळत होता. शेवटी एलएलबीच्या प्रवेश परीक्षेसाठी, म्हणजे लॉ सीईटीसाठी, चिपळूणच्या एका क्लासला नाव घातलं, रविवारी दहा ते एक, फी १२ हजार. सकाळची एसटी पकडायची आणि जिन्यातली २०२१ च्या पुराची रेघ बघत वर चढायचं.

सर शिकवतात मात्र खरंच भारी. पेपर १२० प्रश्नांचा, दोन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही प्रश्न सोडून यायचं नाही हे पहिल्या दिवसापासून डोक्यात भरवतात. इंग्रजीलाच ४० मार्क, आणि आमच्यासारख्या मराठी मिडियमवाल्यांची दांडी तिथंच उडते, त्यावर त्यांनी जरा जास्त वेळ द्यायला हवा होता. लीगल रीझनिंगमध्ये आधी नियम देतात, मग घटना, आणि नियम लावून उत्तर काढायचं. मी दोन महिने तिथं न्याय करत बसायचे. "मॅडम, तुम्ही जज नाही, अजून वकीलपण नाही, नियम काय म्हणतो तेवढं सांगा!" १९३२ ची ती गाजलेली ब्रिटिश केस, जिंजर बिअरच्या बाटलीत गोगलगाय निघाल्याची, त्यांनी कोकमावर आणली. मैत्रिणीने तुम्हाला सरबताची बाटली घेऊन दिली, पैसे तिचे, पोट बिघडलं तुमचं, मग दावा कोणी लावायचा आणि कोणावर? अर्धा तास नुसती भांडाभांडी. दाभोळचा एक जण मागून म्हणाला, "ज्याचं पोट बिघडलं त्याने, आणि ज्याने बाटली भरली त्याच्यावर." बरोबर तेच उत्तर.

नोट्स मात्र जुन्या झेरॉक्स. १ जुलै २०२४ ला जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, खुनाचं कलम ३०२ जाऊन १०३ झालं, फसवणुकीचं ४२० जाऊन ३१८, तरी कागदावर सगळं जुनंच. आम्हीच पेनाने खोडत बसलो. १२ हजारात नवीन प्रिंट काढता येते हो.

पण खरा राग वेगळाच. तो दाभोळचा मुलगा नववीत शाळा सोडून बोटीवर गेलेला, नंतर मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी, म्हणजे बारावी नसलेल्यांसाठीची परीक्षा, देऊन थेट बीए झाला. आता वकिलीच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत स्पष्ट आहे की दहावी-बारावीचा पाया नसताना मुक्त विद्यापीठातून थेट घेतलेली पदवी लॉच्या प्रवेशाला चालत नाही. माझी बीकॉमही मुक्तचीच, पण आधी बारावी रीतसर झालेली, म्हणून मला अडचण आली नाही. त्याला हे कळलं पाचव्या महिन्यात, तेही फॉर्म भरताना! फी घेताना एका शब्दाने विचारलं नव्हतं, "ग्रॅज्युएट ना? मग झालं." पैसे परत मागितले तर पावतीवरची बारीक अक्षरं दाखवली. तरी गडी शेवटच्या रविवारपर्यंत आला, म्हणे पैसे दिलेत तर ऐकून तरी घेतो.

मला रत्नागिरीला ॲडमिशन मिळाली, त्यात क्लासचा वाटा आहे, नाही कशाला म्हणू. पाचपैकी तीन स्टार. जाणार असाल तर दहावी-बारावीच्या मार्कशीट पिशवीत घेऊन जा आणि सरांनी नाही विचारलं तरी पैसे मोजायच्या आधी त्यांच्या टेबलावर ठेवा.