कूलंट जातंय कुठे? प्रेशर टेस्ट की गॅस टेस्ट

डिचोलीच्या मावसभावाची जुनी ओम्नी चोर्ला घाटात तापते, कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) कमी होतं, पण खाली थेंब नाही. आधी कोणती टेस्ट करू, असं तो विचारतोय.

प्रेशर टेस्ट स्वस्त आणि सोपी. थंड इंजिनवर रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावायचा, झाकणावर लिहिलाय तेवढाच दाब भरायचा, जास्त नाही. पंपावरचा काटा उतरला की गळती आहे. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली, म्हणून सीट उचलून टॉर्चने होजच्या (रबरी नळ्यांच्या) क्लिपा आणि वॉटर पंपाची खालची बाजू बघा. वाळलेल्या कूलंटचे पांढुरके डाग तिथेच सापडतात. पण इंजिन तापल्यावरच उघडणारी हेड गॅस्केटची (इंजिन ब्लॉक आणि त्यावरच्या हेडमधल्या पॅकिंगची) गळती यात निसटते.

गॅस टेस्टला थोडी जास्त खटपट. थंड असतानाच झाकण काढून, पातळी जराशी उतरवून इंजिन चालू करायचं आणि रेडिएटरमधली हवा टेस्टच्या किटमधल्या निळ्या द्रवातून ओढायची. पेट्रोल गाडीत तो पिवळा झाला, तर ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरतोय. फुटका होज मात्र तिला कळत नाही.

डाग किंवा गोडसर वास असेल तर प्रेशर टेस्ट. बाहेर कोरडं, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, एक्झॉस्टमधून न थांबणारा पांढरा धूर, तर थेट गॅस टेस्ट. भावाने आधी सीट उचलावी, तोवर घाट नकोच.