जुनी यामाहा आर१५ व्ही३ घ्यावी का?
२०१८ साली भारतात आलेली यामाहा आर१५ व्ही३ ही स्पोर्ट्स बाइक जुन्या बाजारात सहज मिळते, पण माझ्या मते २०१९ किंवा त्यानंतरचीच गाडी पाहावी, कारण दोन्ही चाकांना एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) तेव्हापासून मिळू लागले. १५५ सीसीचे लिक्विड-कूल्ड इंजिन दणकट आहे; सुमारे ७,४०० आरपीएमला व्हीव्हीए (जास्त वेगात इंजिनाच्या झडपांची उघडझाप बदलणारी यंत्रणा) सुरू झाल्यावर ओढ अडखळता कामा नये. गाडी थंड असतानाच सुरू करून पाहावी, कारण तापलेल्या इंजिनात दोष लपतात. विकणाऱ्याने ती आधीच तापवून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून चेसिसवरचा स्टॉपर, म्हणजे हँडल जिथे अडते तो भाग, निरखावा. तो दबलेला किंवा तिथला रंग उडालेला दिसला, तर नवी फेअरिंग (बाहेरचे प्लॅस्टिकचे आवरण) कितीही चकचकीत असो, गाडी जोरात आपटलेली असण्याची शक्यता मोठी आहे, आणि अशी गाडी मी स्वस्तातही घेणार नाही. फोर्कवर (पुढच्या शॉकअपवर) तेलाचा ओघळ असल्यास सील बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा. चेन व टायरची झीज क्षम्य आहे. आरसीवर कर्जाचा बोजा असेल, तर बँकेची एनओसी पाहिल्याशिवाय इसारही देऊ नये.

या गाडीवर पुढे झुकून बसावे लागते, म्हणून रोज शहरातल्या गर्दीतून जाणाऱ्याने मात्र आधी आपल्या मनगटांचा आणि कंबरेचा विचार करावा.