हिरवळीतली हुमणी: रासायनिक औषध, बुरशी की सूत्रकृमी?

कोल्हापूर भागात हुमणी, म्हणजे भुंगेऱ्याची मुळं खाणारी अळी, म्हटलं की आधी ऊस आठवतो. पण गोल्फचं मैदान, कार्यालयाचं लॉन, खेळाचं ग्राउंड, जिथे गवत तिथे ती येते. आजूबाजूला उसाचे फड असले तर जास्तच.

खर्च करण्याआधी खात्री करून घ्या. पिवळा पडलेला पट्टा हाताने ओढला आणि गवत चटईसारखं अलगद वर आलं, तर मुळं कुरतडली गेली आहेत. खाली अर्धवर्तुळात वळलेली, तपकिरी डोक्याची पांढरी अळी सापडेल. ती सपाट जागेवर ठेवून बघा. पाठीवर उताणी सरपटत गेली तर ती कुजका पालापाचोळा खाणारी, तिला सोडून द्या. तीन-चार ठिकाणी एकेक चौरस फूट उकरून अळ्या मोजा. एखाद-दुसरी असेल तर निरोगी गवत सोसतं. बगळे आणि साळुंख्या एकाच जागी रोज टोचत असतील, तर तिथून सुरुवात करा.

आता निवड. माझ्या मते 'कोणतं औषध' यापेक्षा 'कोणता महिना' हे आधी ठरवावं. वळवाच्या पावसानंतर भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघतात, कडुनिंब-बाभळीवर जमतात, मिलन होतं आणि मादी परत मातीत शिरून अंडी घालते. जून-जुलैत अळ्या बारीक असतात. ऑगस्टपासून त्या मोठ्या होतात. तिसऱ्या अवस्थेतली अळी सगळ्यात खादाड आणि मारायलाही सगळ्यात अवघड.

इमिडाक्लोप्रिड हे रासायनिक कीटकनाशक बारीक अळ्यांवर चांगलं चालतं, सप्टेंबरातल्या जाड अळीवर पैसे वाया जातात. ते पाण्यात सहज विरघळतं, त्यामुळे वाळूच्या ग्रीनवर (गोल्फच्या छिद्राभोवतीचं अगदी बारीक कापलेलं गवत) धो-धो पावसाच्या तोंडावर टाकलं तर मुळांखाली निघून जातं, आणि आपल्याकडचे ओढे शेवटी पंचगंगेलाच मिळतात. मधमाश्यांनाही घातक, म्हणून गवतातलं फुललेलं तण आधी कापून घ्या. क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल हे दुसरं कीटकनाशक मधमाश्यांना बरंच सौम्य, पण मातीत सावकाश उतरतं. ते अंडी फुटण्याआधीच पडायला हवं. दोन्हींच्या बाबतीत लेबलवर हिरवळीसाठी मंजुरी आहे का, ते वाचूनच घ्या. जुनी माणसं अजून फोरेट सुचवतात. त्यावर 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंदी आहे, तो विषय संपला.

मेटारायझियम ही बुरशी अळीच्या कातडीतून आत शिरते, मेलेली अळी कडक होऊन हिरवट पडते. परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, पण ओल टिकली तर ती मातीत राहते. गोल्फवाल्यांसाठी अडचण वेगळीच: ग्रीनवर बुरशीनाशकाची फवारणी नेहमीची असते, आणि तीच या बुरशीलाही मारते. त्यामुळे फेअरवे (खेळाचा मुख्य पट्टा) आणि रफवर (त्याच्या कडेचं वाढू दिलेलं गवत) वापरा, ग्रीनवर तिच्या भरवशावर राहू नका.

सूत्रकृमी म्हणजे धाग्यासारखे अतिसूक्ष्म जंत. त्यातले हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका जातीचे अळीला शोधत जातात. त्यांच्या पोटातले जिवाणू अळीच्या अंगात सुटले की दोन-तीन दिवसांत ती विटकरी रंगाची होऊन मरते. पाणी द्यायची सोय असलेल्या मैदानावर मला हाच पर्याय सरस वाटतो, कारण त्यांना लागणारी ओल तिथे हाताशी असते. किंमत जास्त पडते हे खरं, म्हणून सगळीकडे न टाकता लागण असलेल्या पट्ट्यांवरच टाका.

भुंगेरे गोळा करणं सर्वांत स्वस्त. अंधार पडल्यावर झाडं हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकायचे. पण शेजारच्या उसवाल्यांनी त्याच आठवड्यात साथ दिली तरच फरक पडतो. नदीकाठच्या ल्युकोफोलिस जातीचे भुंगेरे झाडपाला फारसा खात नाहीत, त्यामुळे तिथे झाडांवर औषध मारून हाती काही लागत नाही.

मी ठरवायचो तर: वळीव झाला की भुंगेरे वेचणं, जूनमध्ये फक्त ग्रीनवर रासायनिक औषध, बाकी मैदानावर जुलैच्या सुरुवातीला सूत्रकृमी. आणि कच्चं शेणखत हिरवळीवर कधीच नाही.

सूत्रकृमी घेताना पुड्यावरची मुदत बघा आणि गाडीत उन्हात ठेवू नका. पंपाच्या नोझलमधली जाळी काढा, ऊन उतरल्यावर ओल्या गवतावर आळवणी करा आणि लगेच वरून पाणी द्या.