गुडघ्यांसाठीच्या 'ऑटोफॅजी' कॅप्सूल : चार महिन्यांनंतरचे मत

आईच्या दोन्ही गुडघ्यांतील कूर्चा (हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत अस्तर) झिजल्याचे निदान होऊन तीन वर्षे झाली. गेल्या दिवाळीनंतर तिच्यासाठी मी स्पर्मिडीन या, ऑटोफॅजीला चालना देणारा म्हणून विकल्या जाणाऱ्या घटकाच्या कॅप्सूल ऑनलाइन मागवल्या. कंपनीचे नाव देत नाही, कारण आक्षेप या प्रकारच्या मालाबद्दल आहे. 60 कॅप्सूलची डबी 2,400 रुपयांना पडली आणि रोज दोन याप्रमाणे आईने चार डब्या संपवल्या.

डबीवर 'पेशींची आतून सफाई, सांध्यांची नवी उभारणी' असे छापलेले आहे. यातला पहिला अर्धा भाग निराधार नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. खराब झालेली प्रथिने आणि निकामी मायटोकाँड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग) पडद्यात गुंडाळून विरघळवायचे व त्यातून सुटलेला कच्चा माल पुन्हा वापरायचा, ही पेशीची स्वतःची व्यवस्था म्हणजे ऑटोफॅजी होय. यीस्टमध्ये तिचा उलगडा करणाऱ्या योशिनोरी ओसुमी यांना 2016 चे नोबेल मिळाले. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात आणि प्रौढ वयात तिच्या पेशींची जागा घ्यायला नव्या पेशी फारशा येत नाहीत. म्हणून आहे त्याच पेशींना वर्षानुवर्षे निभावून न्यावे लागते आणि ही घरची सफाई तिथे अधिक मोलाची ठरते. कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेत बेआत्रिझ कारामेस आणि मार्टिन लॉट्झ यांच्या गटाने 2010 मध्ये दाखवून दिले की वय वाढते तसे आणि झिजलेल्या कूर्चेत या व्यवस्थेची मुख्य प्रथिने कमी होतात. शस्त्रक्रियेने गुडघा अस्थिर केलेल्या उंदरांना ऑटोफॅजी वाढवणारे रॅपामायसिन दिल्यावर झीज कमी झाली, हेही याच गटाने 2012 मध्ये मांडले.

परंतु रॅपामायसिन हे मूत्रपिंड-प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दडपण्यासाठी देतात ते औषध असल्याने ते दुखऱ्या गुडघ्यासाठी सहज कुणी लिहून देणार नाही. कंपन्या म्हणूनच गव्हाच्या अंकुरातून मिळणाऱ्या सौम्य स्पर्मिडीनकडे वळल्या आहेत. स्पर्मिडीनने झिजलेल्या कूर्चेच्या पेशींतील ऑटोफॅजी सुधारल्याचे प्रयोगशाळेत दिसले आहे, पण तिथे ते थेट पेशींवरच सोडलेले असते. पोटातून गेलेली कॅप्सूल रक्तवाहिन्याच नसलेल्या कूर्चेपर्यंत किती पोहोचते, याबद्दल डबी गप्प आहे, आणि 'नवी उभारणी' हे शब्द तर पूर्णपणे कंपनीच्या पदरचे आहेत.

आईला फरक पडला का? पडला. सकाळचा ताठरपणा कमी झाला आणि जिना उतरताना कठड्याचा आधार कमी लागू लागला. मात्र त्याच चार महिन्यांत तिने फिजिओथेरपिस्टने दिलेले मांडीच्या स्नायूंचे व्यायाम नेमाने केले आणि तिचे वजनही चार किलो उतरले, त्यामुळे श्रेय कॅप्सूलला देण्याचे धाडस मी करणार नाही. अमेरिकेत ग्लुकोसामाइन या सांधेदुखीसाठीच्या पूरकाची 1,583 रुग्णांवर चाचणी झाली होती. तिचे निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यात निव्वळ बनावट गोळी घेणाऱ्यांपैकीही सुमारे 60 टक्के लोकांचे दुखणे बऱ्यापैकी कमी झाल्याचे आढळले. गुडघेदुखीच्या बाबतीत 'मला गुण आला' ही साक्ष किती कच्ची असते, हे यावरून लक्षात यावे. विक्रीच्या पानावर मात्र अशाच साक्षींची रांग लागलेली आहे.

माल म्हणून पाहता तक्रारीला फार जागा नाही. पॅकिंग चांगले होते, कॅप्सूलला वास नव्हता, आईचे पोट बिघडले नाही. घटक गव्हाचा आहे ही सूचना मात्र डबीच्या तळाशी इतक्या बारीक अक्षरांत आहे की गव्हाची ॲलर्जी असलेल्याच्या नजरेतून ती सहज सुटेल.

चौथी डबी संपत आली तेव्हा मी कंपनीला ईमेल करून एकच प्रश्न विचारला : गुडघ्याची झीज असलेल्या माणसांवर या कॅप्सूलची चाचणी झाली आहे काय? नऊ दिवसांनी उत्तर आले. त्यात उंदरांवरील एका शोधनिबंधाचा दुवा होता आणि पुढच्या खरेदीवर 15 टक्के सवलतीचा कोड. तो कोड मी वापरला नाही. आईचे व्यायाम चालू आहेत.